हेडलाइटचा बल्ब घरी बदलताना: होल्डर, अर्थिंग आणि झोतासकट

कापूस वेचणी सुरू झाली की विदर्भातल्या गावरस्त्यांवर दिवस मावळल्यानंतरच वर्दळ वाढते. जिनिंगकडे निघालेली ट्रॉली, मागे लाल दिवा नसलेली बंडी (बैलगाडी), वावरातून पायी परतणारी माणसं आणि तुरीतून एकदम रस्त्यावर येणारा रोही (नीलगाय). अशा रस्त्यावर एक हेडलाइट गेलेली गाडी समोरच्याला मोटरसायकल वाटते. त्यातही ड्रायव्हर बाजूचा, म्हणजे उजवा दिवा गेला असेल तर धोका फार मोठा. पेटलेला डावा दिवा कडेला दिसतो, समोरचा ‘कडेने फटफटी येत आहे’ असं धरून चालतो आणि अंधारात बुडालेल्या उजव्या अंगावर गाडी घालतो. रात्री वाटेत एक बल्ब गेला आणि दुसरा जवळ नसला, तर चालू बल्ब काढून उजवीकडे लावा आणि सावकाश घरी या.

बल्ब बदलायला अर्धा तास पुरतो. पण बदललेला बल्ब महिनाभरात पुन्हा जातो, किंवा नवा टाकूनही उजेड पिवळाच राहतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा बल्बच्या मागे असतो: जळलेला होल्डर, गंजलेली अर्थिंग (करंट परत नेणारी, बॉडीला जोडलेली वायर), फाटलेली रबरी टोपी. ते सगळं तपासायची सर्वात सोयीची वेळ म्हणजे बल्ब हातात असतो तेव्हा.

आधी पाहा, बल्बच गेला आहे का

एका बाजूचा डिपर (खाली पडणारा झोत) बंद आणि अप्पर (लांबवर जाणारा झोत) चालू असेल, तर बल्बमधली एकच तार तुटली आहे. त्या बाजूचे दोन्ही बंद असतील तर आधी फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज असतो, १० किंवा १५ अँपिअरचा. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा टाका. निळ्याच्या जागी पिवळा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

दोन्ही बाजूंचे डिपर एकाच वेळी गेले असतील तर बल्ब आणायला धावू नका. दोन बल्ब एकाच क्षणी जाणं क्वचित घडतं. अशा वेळी स्टिअरिंगजवळच्या दांडीतले कॉन्टॅक्ट, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा मुख्य फ्यूज यांच्यात दोष सापडतो. आणि एक दिवा मंद पेटतो, अप्पर-डिपर दोन्ही तारा लालसर दिसतात, किंवा डिपर लावला की भलताच दिवा मिणमिणतो, असं असेल तर अर्थिंग गेली आहे. करंटला परतीची वाट मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या तारेतून फिरून जातो. तिथे नवा बल्ब टाकून काही साधणार नाही.

बोनेट उघडल्यावर वायरीही पाहून घ्या. घरात कापूस, सोयाबीन साठवलेलं असलं की उंदीर आलेच, आणि रात्री गरम इंजिनाजवळ बसून ते हेडलाइटच्या वायरी कुरतडतात. होल्डरच्या मागची वीतभर वायर बोटांनी चाचपा. तांबं उघडं दिसलं तर आधी ते जोडून, टेप गुंडाळून मग पुढे जा.

बल्ब कोणता आणायचा

जुन्या बल्बच्या पत्र्यावर नंबर कोरलेला असतो, आणि गाडीच्या पुस्तकातही असतो. गावाकडे चालणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांत, म्हणजे अल्टो, जुनी स्विफ्ट, बोलेरो यांत एच-४ लागतो: १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट, मागे तीन पिना, अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये. डिपर आणि अप्परला वेगळे बल्ब असणाऱ्या गाड्यांत एच-७ (५५ वॅट, दोन पिना), एच-११ (५५ वॅट, फिरवून बसणारा), एचबी-३ (६० वॅट) किंवा एचबी-४ (५१ वॅट) असतात. हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दाबून, घासून बसवू नका.

तालुक्याच्या दुकानात दोन चुका वारंवार होतात. पहिली, दुचाकीचा एचएस-१ बल्ब मिळतो. तो दिसायला एच-४ सारखाच, पण ३५/३५ वॅटचा. दुसरी, ट्रकचा एच-४ मिळतो, २४ व्होल्ट ७५/७० वॅटचा. कारच्या १२ व्होल्टवर तो जेमतेम लालसर पेटतो आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो. म्हणून ‘एच-४ द्या’ एवढंच म्हणू नका. ‘बारा व्होल्ट, साठ-पंचावन्न’ असं सांगा आणि दुकानातच पत्र्यावर वाचून घ्या.

फिलिप्स, ओसराम यांसारखा नावाजलेला साधा बल्ब पुरेसा आहे. खोक्यावर ‘१०० टक्के जास्त उजेड’, ‘१३० टक्के जास्त’ असं छापलेले बल्ब खरंच जास्त उजेड देतात, पण त्यांची तार जास्त तापवलेली असते, त्यामुळे त्यांचं आयुष्य कमी. पांदण रस्त्याचे हादरे खाणाऱ्या गाडीला साधा किंवा ‘लाँग लाइफ’ लिहिलेलाच घ्या. निळसर काचेचे बल्ब टाळा. निळा थर उजेड अडवतो, आणि जानेवारीतल्या धुक्यात किंवा पावसात त्या पांढऱ्या उजेडाने समोर पडदा धरल्यासारखं होतं.

१००/९० वॅटच्या बल्बबद्दल स्पष्टच सांगायला हवं. ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला ८.३. वायरीत आणि कॉन्टॅक्टवर निर्माण होणारी उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. कंपनीची वायर, दांडीतला स्विच, प्लॅस्टिकचा होल्डर यांतलं काहीच तेवढ्यासाठी बनवलेलं नाही. आधी होल्डर तपकिरी होतो, मग वितळतो, मग रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते. शिवाय ते नियमाबाहेरचं आहे.

हॅलोजनच्या घरात बसणारे एलईडी किटही घेऊ नका, कितीही पांढरे दिसले तरी. रिफ्लेक्टरचा आकार बारीक तारेच्या नेमक्या जागेभोवती आखलेला असतो. एलईडीच्या चकत्या त्या जागी तशाच बसत नाहीत, झोताची कड फुटते आणि उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे डिपरचा झोत खाली वळलेला हवा. ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर अंधारी येता कामा नये. एकेरी डांबरी रस्त्यावर दिपलेला सायकलवाला कडेच्या काळ्या मातीत उतरतो, आणि पावसाळ्यात ती माती त्याला सरळ उभं राहू देत नाही.

कंपनीतूनच एलईडी हेडलाइट आलेल्या गाडीत वेगळा बल्ब नसतो, बिघडला तर सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. झेनॉन दिवे असतील तर घरी हात लावू नका, ते पेटताना २० हजारांहून जास्त व्होल्ट तयार होतात.

दोन्ही बाजूंचे बल्ब जोडीनेच बदला. दोघे सारखेच तास जळलेले असतात, त्यामुळे एक गेला की दुसराही फार मागे नसतो. चालू असलेला जुना बल्ब खोक्यात घालून गाडीत अडीअडचणीला ठेवा.

सामान

नवे बल्ब, धुतलेले सुती हातमोजे किंवा स्वच्छ कापड, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट, स्टार पेचकस, १० नंबरचा पाना, बारीक सँडपेपरची पट्टी, टॉर्च. मल्टीमीटर असेल तर फारच चांगलं. मोटरपंपाची जोडणी करणाऱ्या कुणाकडे तरी तो असतोच, दहा मिनिटांसाठी मागून आणा.

काम

गाडी सपाट जागी सावलीत लावा, हँडब्रेक ओढा, दिवे बंद करा, किल्ली काढा. दिवे नुकतेच बंद केले असतील तर १५ मिनिटं थांबा, कारण बल्बची काच हात भाजण्याइतकी तापलेली असते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असतो तेव्हा बोनेटखालचा पत्राही चटका देतो. त्या दिवसांत हे काम सकाळीच करा.

हेडलाइटच्या मागे हात जातो का पाहा. एका बाजूला बॅटरी आडवी येते, दुसऱ्या बाजूला एअर फिल्टरचं नळकांडं किंवा वॉशरच्या पाण्याची बाटली. बॅटरी हलवायची असेल तर आधी उणे टर्मिनल काढा, मग अधिक; लावताना उलट. काही गाड्यांत हात जातच नाही, आणि १० नंबरचे दोन-तीन बोल्ट काढून अख्खा हेडलाइट पुढे ओढावा लागतो. तिथे बंपरच्या प्लॅस्टिक क्लिपा जोर लावून तोडू नका. पुस्तकात क्रम दिलेला असतो.

आता कपलर, म्हणजे बल्बच्या पिनांवर बसणारा वायरीचा होल्डर, काढा. तीन पिनांचा कपलर दोन्ही बाजूंनी धरून सरळ मागे ओढा, हलकं डावं-उजवं करत. वायर धरून ओढली की पिन आतून निसटते. नंतर रबरी टोपी तिच्या शेपट्या धरून काढा. टोपीवर वरची बाजू दाखवणारी खूण असते, ती लक्षात ठेवा. एच-११, एचबी-३, एचबी-४ यांना टोपी नसते. तो बल्बच घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवला की सुटतो.

टोपी निघाली की बल्ब धरून ठेवणारी तारेची स्प्रिंग दिसेल. नजर पोहोचत नसेल तर मोबाइलने आतला फोटो काढा आणि स्प्रिंगचं टोक कुठल्या खाचेत अडकलं आहे ते नीट बघा. हा फोटो परत बसवतानाही कामी येतो. स्प्रिंग आत दाबा, बाजूला सरकवा, सोडा. ती एका बाजूने बिजागरीसारखी लटकून राहते. जुना बल्ब सरळ मागे काढा. घर फार वेळ उघडं ठेवू नका, कारण आत गेलेली धूळ रिफ्लेक्टरवर बसते आणि ती पुसायला गेलं की चांदीवर ओरखडे उठतात. रिफ्लेक्टरला आतून कापड लावूच नका.

नवा बल्ब पत्र्याला किंवा पिनांना धरा, काचेला हात लावू नका. हॅलोजनची काच क्वार्ट्झची असते. बोटाचं तेल किंवा मीठ तिच्यावर राहिलं तर पेटल्यावर तेवढीच जागा जास्त तापते, काच फुगते किंवा तडकते. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

एच-४ ला तीन कान असतात. त्यातला रुंद कान वर, बारा वाजल्याच्या जागी. तिन्ही कान आपापल्या खाचांत बसले की बल्ब हलत नाही. डिपरच्या तारेखाली पत्र्याची लहानशी वाटी असते, ती खालचा उजेड अडवते म्हणून फक्त रिफ्लेक्टरचा वरचा अर्धा भाग उजळतो आणि झोत खाली पडतो. बल्ब तिरका बसला की ती वाटीही तिरकी होते आणि नवा बल्ब असूनही उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. स्प्रिंग लावल्यानंतर बल्ब बोटाने हलवून पाहा. हलला तर पुन्हा काढून बसवा.

मग टोपी. तिची आतली कड बल्बच्या पत्र्याला सगळीकडून चिकटली पाहिजे आणि बाहेरची कड हेडलाइटच्या गळ्यावर. खूण वर, पाणी निथळायची जागा खाली. टोपीतून पिना पुरेशा बाहेर आल्या नाहीत तर कपलर अर्धवट बसतो, आणि अर्धवट बसलेला कपलरच पुढे वितळतो. शेवटी कपलर पूर्ण दाबा, दिवा लावा, अप्पर-डिपर दोन्ही पाहा, मगच दुसऱ्या बाजूला जा.

जुना बल्ब फेकण्याआधी

तो उजेडात धरा. काच आतून काळसर-चंदेरी झाली असेल तर बल्ब वयाने गेला. आत पांढरी, दुधासारखी भुकटी असेल तर काचेला तडा जाऊन हवा शिरली आहे. खडा, पाणी किंवा वेडावाकडा बसलेला बल्ब, यांपैकी काहीतरी झालं असणार. काचेला फुगवटा असेल तर मागच्या वेळी कुणीतरी काचेला हात लावला होता. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असेल तर कारण हादरे किंवा जास्त व्होल्टेज.

व्होल्टेज मोजणं सोपं आहे. इंजिन थोडं रेसवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट ठीक. १४.८ च्या वर सतत राहत असेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) रेग्युलेटर बिघडलेला असू शकतो. व्होल्टेज ५ टक्के वाढलं की हॅलोजन बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. असे बल्ब मग दर दोन-तीन महिन्यांनी जातात आणि दोष कंपनीला मिळतो.

उलट तक्रार, म्हणजे पिवळा उजेड, जास्त गाड्यांत असते. इंजिन चालू, डिपर चालू, कपलर बल्बला लावलेलाच ठेवा आणि त्याच्या मागच्या बाजूने मीटरच्या सुया टोचून कुठल्याही दोन पिनांमधलं सर्वात मोठं माप घ्या. बॅटरीवर १४ आणि इथे १३.३ च्या वर असेल तर वायरिंग चांगलं. १२.५ च्या आसपास असेल तर वाटेत दीड व्होल्ट वाया जात आहे. उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. १००/९० चा बल्ब टाकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरं तर हा हरवलेला दीड व्होल्ट परत मिळवायचा असतो.

तो कुठे हरवतो? आधी होल्डरमध्ये. पिना काळ्या, हिरव्या किंवा सैल असतील, प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल, तर घासत बसू नका. होल्डरच बदला. चिनीमातीचा एच-४ होल्डर ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि उष्णतेला टिकतो. जुन्यातली एक वायर कापा, नव्यात जोडा, मग दुसरी. तिन्ही एकदम कापल्या की कोणती कुठली ते कळत नाही. जोड पिळून टेप लावलेला नको, क्रिम्प किंवा डाख दिलेला हवा. पिना नुसत्या मळलेल्या असतील तर सँडपेपरच्या पट्टीने हलक्या हाताने साफ करा.

नंतर अर्थिंग. हेडलाइटची काळी वायर बॉडीला १० नंबरच्या बोल्टने जोडलेली असते. तो बोल्ट काढा, वायरीचा कान आणि पत्रा चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्याने फिरलेल्या आणि पंपाच्या पाण्याने धुतलेल्या गाडीत हा जोड हमखास गंजलेला सापडतो.

एवढं करूनही व्होल्टेज कमी मिळत असेल, विशेषतः जुन्या गाडीत, तर रिले असलेला हार्नेस (वायरींचा संच) टाका: दिव्याला करंट बॅटरीवरून सरळ, २.५ चौरस मिलिमीटर वायरीतून, बॅटरीजवळ फ्यूज आणि ३० अँपिअरचे दोन रिले. दांडीतला स्विच मग फक्त रिले ओढतो आणि जळत नाही. ६०/५५ चाच बल्ब यावर नव्यासारखा पेटतो.

काचेत पाणी आणि पिवळी काच

पावसाळ्याच्या सकाळी काचेवर आतून हलकी वाफ दिसली आणि दिवे लावल्यावर अर्ध्या तासात गेली, तर काळजी नको. हेडलाइटला श्वास घ्यायला बारीक छिद्रं असतात. ती एम-सीलने बुजवू नका, बुजवलीत तर आतली ओल आतच कोंडते. पाणी तळाशी साचत असेल तर टोपी फाटली आहे किंवा काचेचा जोड सुटला आहे. टोपी स्वस्त आहे, ती आधी बदला.

आपल्याकडच्या उन्हात प्लॅस्टिकची काच पाच-सात वर्षांत पिवळी पडते. टूथपेस्टने ती आठवडाभर चकाकते. टिकाऊ काम हवं असेल तर १०००, २००० आणि ३००० नंबरच्या पाणी-सँडपेपरने क्रमाने घासून वरून उन्हापासून वाचवणारा क्लिअर कोट मारावा लागतो. कोट मारला नाही तर काच पूर्वीपेक्षा लवकर पिवळी होते.

झोत लावणं

बल्ब बदलल्यावर हे करायलाच हवं, आणि नेमकं हेच राहून जातं. चाकांत हवा बरोबर भरा, ड्रायव्हरच्या जागी एक माणूस बसवा, डिकी रिकामी ठेवा. डॅशबोर्डवर झोत वर-खाली करायचं चाक असेल तर ते ० वर ठेवा. सिमेंटचं सपाट अंगण आणि समोर भिंत, एवढी जागा पुरते. गावच्या शाळेच्या पटांगणातही हे जमतं.

गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या समोर भिंतीवर खडूने खुणा करा. मग गाडी सरळ मागे ५ मीटर न्या. त्या खुणांच्या ५ सेंटिमीटर खाली आडवी रेघ ओढा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड या रेघेवर यायला हवी. आपण डावीकडून चालतो, म्हणून कड उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे वर चढते, कडेची माणसं आणि ढोरं दिसावीत म्हणून. ती जिथून चढायला लागते तो कोपरा खडूच्या खुणेच्या बरोबर खाली हवा. एका वेळी एकच दिवा पाहा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरा. काचेला तो चिकटवू नका, तापतं.

हेडलाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खालीसाठी, दुसरा डाव्या-उजव्यासाठी. पाव-पाव फेरा फिरवा. अडला तर जोर लावू नका, आतला प्लॅस्टिकचा दात तुटतो आणि मग अख्खा हेडलाइट बदलावा लागतो.

या ५ सेंटिमीटरचा हिशेब असा. दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच असेल तर झोत ७० मीटरवर रस्त्याला टेकतो. ताशी ६० किलोमीटर वेगात ते अंतर चार सेकंदांचं आहे. कड भिंतीवर आणखी ५ सेंटिमीटर खाली गेली तर टप्पा ३५ मीटरवर येतो आणि दिवा नसलेली बंडी दिसेपर्यंत दोनच सेकंद उरतात. तेवढीच वर गेली तर झोत आडवा होतो आणि समोरून येणाऱ्याला काही दिसत नाही.

डिकीत खताची पोती किंवा मागच्या सीटवर पाच माणसं बसली की गाडीचं तोंड वर होतं आणि नीट लावलेला झोतही लोकांच्या डोळ्यांत जातो. डॅशबोर्डवरचं चाक त्यासाठीच दिलेलं असतं: भरलेल्या गाडीत ते २ किंवा ३ वर, रिकामी झाली की परत ० वर. चाक नसलेल्या गाडीत नेहमी माल असेलच, तर माल भरूनच भिंतीसमोर झोत लावा.

दोन दिवसांनी कपलर पुन्हा एकदा चाचपा. अर्धा तास दिवे चालवून, बंद करून, लगेच कपलरच्या प्लॅस्टिकला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर आत एखादी पिन सैल आहे. ती चिमटीने हलकी दाबून घ्या, नाहीतर होल्डर बदला.